तारीख पुढे का गेली? : स्टारलायनरच्या पहिल्या मानवी उड्डाणाचा पाठ

सुनीता विल्यम्स हे नाव आमच्या कसबा पेठेतल्या मुलांना पाठ आहे, आणि त्याला चिकटून आलेला ‘अडकल्या’ हा शब्दही. टीव्हीवर महिनोन् महिने तोच ऐकलेला. त्यामुळे चौथीच्या वर्गात अंतराळाचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो, “बाई, यान बिघडलेलं होतं तर त्यांना त्यात बसवलंच कशाला?”

प्रश्न रास्त आहे. ‘विज्ञानात असं होतं बाळा’ म्हणून तो मिटवू नये असं मला वाटतं. ज्या स्टारलायनर यानातून सुनीताताई गेल्या, त्याचं माणसांसह पहिलं उड्डाण त्याआधी सात वर्षं स्वतःच अडकून पडलं होतं. २०१७ च्या सुमारास व्हायचं ते ५ जून २०२४ ला झालं. त्या सात वर्षांत काय काय चाललं होतं हे सांगितल्याशिवाय मुलांच्या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही. मी हा पाठ दोन तासिकांत घेते. शिक्षक मित्रमैत्रिणींना वर्गात आणि पालकांना घरी बोलताना उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेची स्पेस शटल याने जुलै २०११ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर अमेरिकन अंतराळवीरांना अंतराळ स्थानकावर जायला रशियाच्या सोयूझ यानात जागा विकत घ्यावी लागायची. मग नासाने ठरवलं की आता यान आपण बांधायचं नाही. खासगी कंपन्यांनी बांधावं, चालवावं, आपण प्रवासाचे पैसे देऊ. मुलांना हे शाळेच्या व्हॅनच्या उदाहरणाने लगेच कळतं. व्हॅन काकांची असते, पण आत बसणारी मुलं शाळेची असतात, म्हणून ब्रेक तपासलेत का हे शाळा विचारणारच. सप्टेंबर २०१४ मध्ये नासाने असे दोन करार केले. बोइंगला ४.२ अब्ज डॉलर आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलर. तपासणीचा हक्क मात्र नासाने स्वतःकडेच ठेवला. दोन्ही कंपन्यांना उशीर झाला. स्पेसएक्सची एक कुपी २० एप्रिल २०१९ ला जमिनीवरच्या चाचणीत फुटली (आत कुणी नव्हतं), आणि दोन अंतराळवीर घेऊन त्यांचं यान ३० मे २०२० ला निघालं. बोइंगला त्यानंतर आणखी चार वर्षं लागली.

घड्याळ चुकलं

माणसं बसवण्याआधी रिकामं यान पाठवून बघायचं, हा नियम. आमच्या पेठेतल्या मुलांना हे नवीन नाही. तांबट आळीत भांडं तयार झालं की ते गळतंय का हे आधी पाणी भरून बघतात. कुंभारवाड्यात मडकं घेताना आजी बोटाने टकटक वाजवून घेते, हे निम्म्या वर्गाने पाहिलेलं असतं. २० डिसेंबर २०१९ ची स्टारलायनरची रिकामी फेरी ही तशीच टकटक होती.

मडकं बद्द वाजलं. यानाने उड्डाणाआधी रॉकेटकडून वेळ घेतली ती चुकीची, तब्बल ११ तासांनी चुकलेली. रॉकेटपासून सुटल्यावर यानाला वाटलं आपण प्रवासात बरंच पुढे आलो आहोत, आणि ते नको तेव्हा छोटी इंजिनं चालवत बसलं. इंधन इतकं संपलं की स्थानकापर्यंत जाणं रद्द करावं लागलं आणि दोन दिवसांनी यान न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात उतरवलं. उड्डाण चालू असतानाच सॉफ्टवेअरमधली दुसरी एक चूक सापडली. ती राहिली असती तर परतीच्या वेळी यानाचे दोन भाग सुटताना एकमेकांवर आपटू शकले असते. ती उतरण्याआधी दुरुस्त झाली.

इथे मी वर्गात थांबते. घड्याळाची चूक जमिनीवर का सापडली नाही? कारण सॉफ्टवेअरची चाचणी तुकड्यातुकड्यांत केली होती, उड्डाणापासून शेवटपर्यंत सलग अशी एकदाही नाही. कंपनीनेच हे नंतर मान्य केलं. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनाचं बघा. नाच वेगळा बसवला, नाटक वेगळं बसवलं, पण रंगीत तालीम घेतलीच नाही, तर नाचातली मुलं कपडे बदलून नाटकाला वेळेवर उभी राहतील का? चौकशी समितीने एकूण ८० सुधारणा सुचवल्या. म्हणजे हा उशीर खबरदारीमुळे झाला असं म्हणता येणार नाही. आधी न घेतलेल्या तालमीची ती किंमत होती. ‘उशीर झाला म्हणजे काळजी घेतली’ असं सोपं समीकरण मुलांच्या डोक्यात बसवू नका. उशिराचेही प्रकार असतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये दुसऱ्या रिकाम्या फेरीची तयारी झाली, तर उड्डाणाच्या तोंडावर २४ पैकी १३ व्हॉल्व्ह उघडेचनात. इंधन जाळायला लागणारा द्रव पदार्थ झिरपला, दमट हवेतल्या बाष्पाशी त्याचा संयोग होऊन नायट्रिक आम्ल तयार झालं आणि त्याने अॅल्युमिनियमचे भाग गंजवले. फ्लोरिडाचा किनारा, पावसाळी हवा. आपल्याकडे श्रावणात कपाटाचं कुलूप कसं अडकतं ते मुलांना विचारा. यान कारखान्यात परत गेलं आणि शेवटी १९ मे २०२२ ला उडालं, स्थानकाला जोडलं गेलं, २५ मेला नीट उतरलं. त्या फेरीतही काही छोटी इंजिनं, ज्यांना थ्रस्टर म्हणतात, बंद पडली होती. राखीव असल्याने काम भागलं. ही गोष्ट फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माणसांची पाळी. २१ जुलै २०२३ ही तारीख ठरली होती आणि १ जूनला ती रद्द झाली. दोन कारणं निघाली. पॅराशूटच्या दोऱ्या जिथे जोडतात तिथले कापडी दुवे आधी मानलं होतं तेवढे मजबूत नव्हते. आणि वायरींच्या जुडग्यांवर गुंडाळलेली चिकटपट्टी काही परिस्थितीत पेट घेऊ शकत होती. एक किलोमीटरहून जास्त लांबीची पट्टी सोडवून काढली. जिथून काढणं शक्य नव्हतं तिथे वरून संरक्षण केलं. नवे दुवे लावून जानेवारी २०२४ मध्ये अॅरिझोनात पॅराशूट टाकून पाहिलं. ही पट्टी आधीपासूनच यानात होती, मग २०२३ पर्यंत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं एका मुलीने विचारलं होतं. मी म्हटलं, हाच प्रश्न तेव्हा पुष्कळ मोठ्या माणसांनीही विचारला.

कुकरची शिट्टी आणि कुकरची रिंग

आता या पाठातला माझा सगळ्यात आवडता भाग. आपल्या घड्याळाप्रमाणे ७ मे २०२४ ची सकाळ, अमेरिकेत ६ मेची रात्र. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर पट्टे बांधून यानात बसलेले, उड्डाणाला दोन तास बाकी. तेवढ्यात रॉकेटच्या वरच्या टप्प्यातला, टाकीतला दाब सांभाळणारा एक व्हॉल्व्ह थडथडायला लागला. कुकरची शिट्टी कधी नीट बसत नाही आणि नुसती थरथरत राहते ना, तसा. सेकंदाला सुमारे ४० वेळा.

हा व्हॉल्व्ह २ लाख वेळा उघडझाप करेल इतपत तपासलेला होता. मग गणित मुलांनाच घालायचं : सेकंदाला ४० वेळा, तर २ लाख पूर्ण व्हायला किती वेळ? दोन लाख भागिले चाळीस म्हणजे ५,००० सेकंद, म्हणजे साधारण ८३ मिनिटं. दीड तासही नाही. उत्तर निघालं की वर्ग शांत होतो, कारण उड्डाणाला दोन तास बाकी होते हे त्यांच्या लक्षात असतं. पाचवीत भागाकाराचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी नंतर एक गोष्ट सांगितली. वर नुसता उपग्रह असता तर व्हॉल्व्ह एकदा बंद-चालू करून थरथर थांबवली असती आणि उड्डाण केलं असतं. पण आत माणसं बसलेली असताना इंधन भरलेल्या रॉकेटच्या व्हॉल्व्हशी असा खेळ करायचा नाही, असा त्यांचा नियम होता. अंतराळवीरांना उतरवलं, व्हॉल्व्हची मर्यादा ओलांडली गेली आहे असं तपासात निघालं, आणि तो बदलला. ‘मानवी उड्डाण’ आणि ‘उड्डाण’ यांतला फरक समजवायला हे एक उदाहरण पुरतं.

व्हॉल्व्ह बदलेपर्यंत दुसरीच गोष्ट समोर आली. यानात हेलियम वायूची बारीक गळती होती. हेलियमचं काम इंधनाला ढकलून थ्रस्टरपर्यंत पोचवण्याचं. गळती एका थ्रस्टरच्या जोडाजवळ, शर्टाच्या गुंडीएवढ्या रबरी सीलपाशी असावी असा अंदाज होता. कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूने निसटते, तसंच हे. रिंग बदलायची तर अख्खं यान रॉकेटवरून उतरवून कारखान्यात न्यावं लागणार होतं. आठवडाभर, मग आणखी आठवडाभर हिशेब झाले. १० मे, १७ मे, २१ मे, २५ मे, सगळ्या तारखा गेल्या. शेवटी ठरलं की गळती लहान आहे, हेलियम पुरेसा आहे, असंच उडायचं.

म्हणजे बघा, एक दोष दुरुस्त केला आणि दुसरा माहीत असूनही स्वीकारला. मुलांना हे पटत नाही आणि न पटणंच बरोबर आहे. पण एक जमेची बाजूही सांगायला हवी. गळतीचा अभ्यास करताना अभियंत्यांना वेगळीच उणीव सापडली : काही ठरावीक थ्रस्टर एकाच वेळी बंद पडले, तर यान परतीच्या वाटेवर वळवता येणार नाही. त्यासाठी कमी थ्रस्टरवर उतरण्याची नवी पद्धत तयार केली गेली. ठरल्याप्रमाणे ७ मेलाच उड्डाण झालं असतं तर ही उणीव तशीच वर गेली असती.

१ जूनला उलटगणती ३ मिनिटं ५० सेकंदांवर आपोआप थांबली. जमिनीवरच्या तीन नियंत्रक संगणकांपैकी एकाच्या वीजपुरवठ्यात बिघाड होता. तिन्ही संगणक ‘हो’ म्हणाले तरच पुढे जायचं. ५ जूनला आपल्याकडे रात्री सव्वाआठ वाजून गेल्यावर यान निघालं. फेरी साधारण आठ दिवसांची ठरली होती.

मग पुढे काय झालं

६ जूनला स्थानकाजवळ पोचताना २८ पैकी ५ थ्रस्टर बंद पडले, त्यांतले चार परत चालू झाले. हेलियमच्या गळत्या एकाच्या पाच झाल्या. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली २०२२ ची नोंद आता वाचायची. आजार जुनाच होता, मूळ पुरतं सापडलेलं नव्हतं. जमिनीवर तसाच थ्रस्टर घेऊन, अंतराळात झाला तितकाच वापर करून पाहिला, तेव्हा उष्णतेमुळे आतलं टेफ्लॉनचं छोटं सील फुगून द्रवाची वाट अडवतं असं दिसलं. या चाचण्या झाल्या २०२४ च्या उन्हाळ्यात, सुनीताताई वर असताना. माझ्या मते सगळ्या कहाणीतली सल इथे आहे. सात वर्षांत इतक्या वेळा थांबले, पण या एका गोष्टीसाठी पुरेसं थांबले नाहीत.

२४ ऑगस्टला नासाने जाहीर केलं की स्टारलायनर रिकामं परत येईल. ७ सप्टेंबरला ते व्यवस्थित उतरलं. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्पेसएक्सच्या यानातून १८ मार्च २०२५ ला (आपल्याकडे १९ मार्चच्या पहाटे) उतरले, २८६ दिवसांनी. नोव्हेंबर २०२५ मध्ये असं ठरलं की स्टारलायनरची पुढची फेरी माणसांशिवाय, फक्त सामान घेऊन होईल.

रिकामं यान नीट उतरलं म्हटल्यावर वर्गातला एक तरी मुलगा म्हणतोच, “मग त्यांना त्यातूनच आणलं असतं तर काय बिघडलं असतं?” काही बिघडलं नसतं, असं आता म्हणता येतं. २४ ऑगस्टला म्हणता येत नव्हतं. रस्ता न बघता पळत ओलांडला आणि काही झालं नाही, म्हणजे तसं ओलांडणं बरोबर ठरलं का, एवढंच मी विचारते. लक्ष्मी रस्त्याच्या चौकात राहणाऱ्या मुलांना जास्त समजवावं लागत नाही.

निर्णय जाहीर करताना नासाच्या प्रमुखांनी गमावलेल्या दोन शटल यानांची आठवण काढली होती. त्यातलं कोलंबिया आपल्याला कल्पना चावलांमुळे माहीत आहे. चॅलेंजरबद्दल शिक्षकांनी तरी वाचावंच. २८ जानेवारी १९८६. आदल्या रात्री थंडीमुळे रबरी सील नीट बसणार नाहीत, उड्डाण थांबवा, असं बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितलं होतं. तारीख आधीच अनेकदा पुढे गेलेली, आणखी ढकलायची कुणाची तयारी नव्हती. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झालं. सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ होत्या, आपल्यासारख्याच शाळेतल्या शिक्षिका, आणि देशभरातल्या वर्गांमध्ये मुलं टीव्हीवर ते थेट बघत होती. चौथीच्या मुलांना याची चित्रफीत दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गोष्ट सांगावी, दोन वाक्यांत, आणि सीलवर बोट ठेवावं.

आपलं गगनयान, आपल्या जिल्ह्यातून

दुसऱ्या तासिकेत मी घरी येते. १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की २०२२ पर्यंत भारतीय माणूस भारतीय यानातून अंतराळात जाईल. २०२२ गेलं. २०२५ मध्ये इस्रोने मानवी उड्डाणासाठी २०२७ असं सांगितलं. पालकांच्या ग्रुपवर यावर ‘आपल्याला जमत नाही’ छापाचे संदेश फिरतात, ते मुलं वाचतात. त्यामुळे याही तारखांमागे काय काय झालं ते फळ्यावर यायला हवं.

हे काम आपल्यापासून लांब नाही. गगनयानाच्या रॉकेटला दोन्ही बाजूंना घन इंधनाचे मोठे बूस्टर असतात. अशा बूस्टरच्या पोलादी कवचाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला आणि मुंबईत पवईला बनतात. मधल्या टप्प्यातली विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये. वालचंदनगर म्हटलं की आमच्या वर्गात एकाच्या तरी आत्याचं किंवा मामाचं गाव तिकडचं निघतं आणि मग अंतराळ एकदम ओळखीचं होतं.

बूस्टर जुनाच, पण माणसांसाठी म्हणून १३ मे २०२२ ला पुन्हा जमिनीवर बांधून, २०३ टन इंधन भरून, १३५ सेकंद पेटवून पाहिला. क्रायोजेनिक इंजिन मानवी उड्डाणासाठी पात्र ठरवायला किमान ६,३५० सेकंद चालवायचं होतं, ते ३९ चाचण्यांमध्ये ८,८१० सेकंद चालवलं. (पुन्हा गणित : किती मिनिटं जास्त?) परतीसाठी दहा पॅराशूट आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये झाशीजवळ बबिना इथे विमानातून पाच टनांचं वजन खाली सोडलं, तेही तीन मुख्य पॅराशूटपैकी एक उघडलं नाही असं मुद्दाम धरून.

आणि २१ ऑक्टोबर २०२३. रॉकेट बिघडलं तर अंतराळवीरांची कुपी कशी बाजूला ओढून न्यायची, याची चाचणी. सकाळी आठची वेळ हवामानामुळे पावणेनऊवर गेली. उलटगणती पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने थांबवली. मुलांना हा थांबलेला क्षण जरूर दाखवा, इस्रोची चित्रफीत सहज मिळते. कारण शोधून दहा वाजता उड्डाण झालं, कुपी सुटली, पॅराशूट उघडले, ती बंगालच्या उपसागरात पडली. नौदलाने बाहेर काढली तेव्हा ती पाण्यात उलटी झालेली होती! आत माणसं असती तर ती डोकं खाली, पाय वर अशी लटकत राहिली असती. कुपीला पाण्यात सरळ करणारी यंत्रणा किती गरजेची आहे हे त्या दिवशी दिसलं. तारीख पुढे जाते ती अशा कामांमुळेही.

वर्गात घेताना

एक लांब कागदाची पट्टी घ्या, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवल्या तरी चालतात. वरच्या ओळीत ठरलेली तारीख, खाली झालं ते. मधल्या जागेत मुलांनी कारण लिहायचं, पण ‘तांत्रिक अडचण’ हा शब्द चालणार नाही. भागाचं नाव हवं : व्हॉल्व्ह, सील, चिकटपट्टी, घड्याळ, हवामान. मग प्रत्येक कारणाला रंग द्यायचा. शोधायला गेलो म्हणून सापडलं, त्याला हिरवा. आधीच सापडायला हवं होतं, त्याला लाल. रंगांवरून वाद होतात, होऊ द्या. हेलियमच्या गळतीला आमच्या वर्गाने शेवटी दोन्ही रंग दिले.

गगनयानासाठी दुसरी पट्टी करा आणि ती वर्षभर भिंतीवर राहू द्या. नवीन बातमी आली की मुलं स्वतः भर घालतात. पालकांनी बातमीचं कात्रण दप्तरात घालून पाठवलं तर फारच छान.

गणितांची उत्तरे : व्हॉल्व्ह, ८३ मिनिटे २० सेकंद. क्रायोजेनिक इंजिन, २,४६० सेकंद म्हणजे ४१ मिनिटे जास्त. आणि सुनीता विल्यम्स यांचा मुक्काम ठरलेल्या आठ दिवसांपेक्षा २७८ दिवसांनी वाढला. यातून महिने आणि आठवडे काढायला पाचवीच्या मुलांना जरूर सांगा.